पडद्यावरच्या कलावंताची 'नाइट'

मराठी रंगभूमीशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला 'नाइट' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. प्रयोग झाला की नटाच्या हाती त्या प्रयोगापुरते ठरलेले पैसे पडतात. ती त्याची नाइट. नाटक पडले तर दहा-बारा नाइट मिळून काम आटोपते. चालले आणि पाचशे प्रयोगांपर्यंत पोहोचले, तर पाचशे वेळा त्याचे पाकीट ठरलेले. साथीला बसणारा तबलजी, रंगभूषाकार, नेपथ्य उभे करणारे हात, या साऱ्यांचा हिशेब याच वळणाचा. नाटकाच्या भरभराटीत कलावंताचा वाटा असावा की नसावा, असला वाद नाट्यव्यवसायात फारसा उद्भवला नाही. आणि त्याचे कारण मालकांचे औदार्य हे नव्हे. नट आल्यावाचून पडदा वर जात नाही, एवढेच ते कारण आहे.

चित्रपटाने हा हिशेब मोडला. येथे नट एकदाच उभा राहतो. नंतर त्याची सावली काम करते. ती सावली पणजीला, मडगावला, म्हापशाला एकाच रात्री हजर राहू शकते आणि तिला ना जेवण लागते ना गाडीभाडे. चित्रपटगृहापुरती ही गोष्ट होती तोवर कलावंतांनीही ती फारशी मनावर घेतली नाही. परंतु पुढे दूरदर्शन आले, चित्रफिती आल्या, उपग्रह वाहिन्या आल्या आणि आता तर खिशातल्या फोनवर वीस वर्षांपूर्वीची मालिका मध्यरात्री पाहता येते. प्रत्येक नव्या सोयीबरोबर मूळ कृतीतून नवे उत्पन्न निघत गेले. ते उत्पन्न कोणाचे, हा प्रश्न चित्रपटसृष्टीतील बहुतेक मोठ्या श्रमिक तंट्यांच्या मुळाशी आहे. वरवर पाहता तंटा पगाराचा दिसतो. वस्तुतः तो नाइटचा असतो.

अमेरिकेतील हॉलिवुडमध्ये हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत कडवेपणाने लढला गेला. तेथील नट-लेखकांच्या संघटना १९३३ सालच्या. मंदीच्या त्या वर्षी स्टुडिओंनी वेतनात निम्म्यापर्यंत कपात जाहीर केली आणि ज्यांनी आजवर स्वतःला 'कामगार' म्हणवून घेतले नव्हते, त्या मंडळींनाही एकत्र येण्याची निकड भासली. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेच्या कायद्यात पगारी लेखकाने लिहिलेल्या पटकथेचा 'कर्ता' लेखक नसून स्टुडिओच मानला जातो. कायद्याने लेखकाच्या हाती काहीच ठेवले नाही. जे मिळवायचे ते वाटाघाटीतून मिळवणे भाग पडले. तेथल्या संघटना एवढ्या चिवट का, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

१९६० साली जुने चित्रपट दूरचित्रवाणीला विकून स्टुडिओ मोठ्या रकमा मिळवीत होते. जानेवारीत लेखक संपावर गेले आणि मार्चमध्ये नट. नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ मध्ये संपकरी विमानवाहतूक नियंत्रकांना हजारोंच्या संख्येने कामावरून काढून टाकणारे ते हेच गृहस्थ! असो. नटांचा संप सहा आठवडे चालला आणि तडजोड झाली ती अशी: १९६० पासून निघालेला चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला की नटाला त्यातून वाटा मिळेल. या वाट्याला तिकडे 'रेसिड्युअल' म्हणतात. १९४८ ते १९५९ मधील चित्रपटांसाठी मात्र व्यक्तिशः कोणालाही काही मिळाले नाही. त्यांच्याबद्दल स्टुडिओंनी साडेबावीस लाख डॉलर एकरकमी दिले आणि त्यातून निवृत्तिवेतन व औषधोपचाराचा निधी उभा राहिला. जुने नट यावर अखेरपर्यंत रुष्ट राहिले. त्यांचा राग अस्थानी होता असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्या निधीवर पुढच्या पिढ्या जगल्या, हेही खरे.

यानंतर हॉलिवुडमधील संपांचा इतिहास म्हणजे नव्या यंत्रांचा इतिहास होय. १९८० साली नट संपावर गेले ते चित्रफिती व पैसे भरून पाहायच्या वाहिन्या यांच्या उत्पन्नासाठी. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ असे शंभर दिवस लेखकांनी काम बंद ठेवले ते इंटरनेटसाठी. त्या वेळी इंटरनेटवरचे उत्पन्न किरकोळ होते आणि अशा किरकोळ गोष्टीसाठी एवढा अट्टहास कशाला, असे म्हणणारे पुष्कळ होते.

२०२३ साली काय झाले ते पाहिले म्हणजे त्या अट्टहासाचा अर्थ लागतो. २ मे रोजी सुमारे साडेअकरा हजार लेखकांनी लेखणी खाली ठेवली. १४ जुलैला नटांची संघटना त्यांना येऊन मिळाली. तिचे सभासद एक लाख साठ हजारांच्या घरात. नट आणि लेखक एकाच वेळी संपावर असण्याचा प्रसंग १९६० नंतर हा पहिलाच. समोरच्या बाजूला होती निर्मात्यांची १९८२ पासूनची संयुक्त संघटना. साडेतीनशेहून अधिक कंपन्यांच्या वतीने ती एकच संघटना बोलणी करते, एकाच मेजावर बसते आणि तिने सही केली की ती सर्वांना बांधते. ही व्यवस्था वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे मुंबईचा विषय निघेल तेव्हा तिची आठवण होईल.

भांडण कशाचे होते? जुन्या दूरचित्रवाणीवर मालिका पुन्हा लागली की ती कितव्यांदा लागली हे सर्वांना दिसत असे आणि तेवढा वाटा कलावंताच्या नावे निघत असे. ओटीटी कंपन्यांच्या कारभारात 'पुन्हा लागणे' हा प्रकारच उरला नाही. मालिका तेथे कायमची ठेवलेली असते. ती हजारांनी पाहिली की कोट्यवधींनी, हा आकडा कंपनीच्या कपाटात बंद असतो. ठोक रक्कम घ्यावी आणि गप्प बसावे. म्हणजे नाटक किती प्रयोग चालले हेच नटाला कळू द्यायचे नाही, असा हा मामला. 'सूट्स' ही मुळात २०१९ साली संपलेली मालिका नेमकी संपाच्या उन्हाळ्यात नेटफ्लिक्सवर आली आणि त्या एका वर्षात अमेरिकेत ती सुमारे ५,७७० कोटी मिनिटे पाहिली गेली, असे नील्सन या मोजणी संस्थेने जाहीर केले. नवे काम बंद, आणि प्रेक्षक मात्र संपकऱ्यांचेच जुने काम पाहून रमलेले! त्या मालिकेच्या लेखकांच्या पदरी काय पडले याची चर्चा तिकडच्या वृत्तपत्रांतून झाली, आणि ती कंपन्यांना भूषणावह नव्हती.

दुसरा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. गर्दीत उभे राहणाऱ्या नटाचे एक दिवस संगणकावर चित्र उतरवून घ्यायचे, एका दिवसाची मजुरी द्यायची आणि ती प्रतिकृती पुढे हवी तेव्हा वापरायची, असा निर्मात्यांचा प्रस्ताव असल्याचा आरोप संघटनेने केला. निर्मात्यांनी त्याचा इन्कार केला. आरोप खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवला तरी तसे करणे आता यंत्राला शक्य आहे, हे उभय पक्षांना ठाऊक होते. सावलीने नटाची जागा घेतली हे शंभर वर्षांपूर्वीचे. आता सावलीला नटाने एकदाही न केलेले काम करता येते.

संप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोट्यवधी मिळवणारे तारे येतात आणि मनात येते, यांना कसली ददात? ही समजूत काढून टाकली पाहिजे. त्या संघटनेच्या आरोग्य विम्याला पात्र ठरण्यासाठी २०२३ साली वर्षाकाठी २६,४७० डॉलरची कमाई आवश्यक होती. अमेरिकेच्या मानाने ही रक्कम बेताची; तरीही बहुसंख्य सभासद तिथवर पोहोचत नव्हते. वाटा त्यांच्यासाठी हवा होता. दोन कामांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत घरभाडे जाते ते अशाच लहानसहान धनादेशांतून.

लेखकांचा संप १४८ दिवसांनी मिटला आणि नटांचा ११८ दिवसांनी, ९ नोव्हेंबरला. लेखकांच्या करारात असे ठरले की यंत्राने लिहिलेला मजकूर 'साहित्य' धरला जाणार नाही, यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर होणार नाही आणि एखादी कृती पहिल्या ९० दिवसांत देशातील २० टक्के वर्गणीदारांइतक्यांनी पाहिली तर वाट्यावर आणखी निम्मी भर पडेल. कपाटातला आकडाही, गुप्त राखण्याच्या अटीवर का होईना, संघटनेला दाखवायचे कंपन्यांनी कबूल केले. आमच्या मते या कराराचे सर्वांत मोठे यश हेच आहे. नटांनी किमान वेतनात पहिल्या वर्षी ७ टक्के वाढ आणि प्रतिकृतीसाठी संमती व मोबदल्याची अट मिळवली. परंतु कराराला मते देताना सुमारे २२ टक्क्यांनी विरोध नोंदवला. प्रतिकृतीविषयीच्या अटीत पळवाटा आहेत, असे त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे होते. आणि ज्यांचा या तंट्याशी काहीच संबंध नव्हता, ते सुतार, शिंपी, गाडीवान, खानावळवाले त्या सहा महिन्यांत कामावाचून बसले. त्यांना करारातून एक पैही मिळाली नाही. संपाचा गौरव करताना हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता आपल्याकडे वळू. हा विषय आपल्याला परका नाही. किंबहुना त्याची आपल्याकडील पहिली ठळक लढत लढणाऱ्या बाई मूळच्या मंगेशीच्या. १९४९ साली 'महल'मधील गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी'चे नाव होते. नावाची ही लढाई त्यांनी जिंकली. १९५९ पासून पार्श्वगायनाला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळू लागले ते त्यांच्या आग्रहामुळे. पुढली लढाई पैशाची होती. तबकडी विकली जाते तोवर गायकाला त्यात वाटा हवा, असे त्यांचे म्हणणे. ध्वनिमुद्रणाचे पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला, असे महंमद रफी यांचे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि त्या मतभेदापायी १९६० च्या दशकात काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे सोडले. रफीसाहेबांच्या दिलदारपणाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु दिलदार माणसाने सोडून दिलेला हक्क त्याच्या मागे बसलेल्या सारंगीवाल्याचाही बुडतो, हे त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

सारंगीवाला म्हटल्यावर गोमंतकीय वाचकाला व्हायोलिनवालेही आठवावेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा, हळदोण्याचे 'चिक चॉकलेट' अशा किती जणांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचे अंग दिले! स्वरलिपी लिहिणारे हात बहुतांशी गोव्याचे होते. त्यांचा मोबदला कामापुरता ठरे, वादकांचा तर बैठकीमागे, आणि बैठक उठली की संबंध संपे. ती गाणी आजही रोज कोठे ना कोठे वाजतात. 'अमर अकबर अँथनी'मधील एका पात्राला गुरूचे नाव देऊन प्यारेलाल यांनी आपले ऋण मानले, हे हृद्य आहे. पण तो शिष्याचा चांगुलपणा झाला, व्यवसायाचा नियम नव्हे.

आपल्याकडे हा हक्क आला तो संपाने नव्हे, न्यायालय आणि संसद या वाटेने, आणि फार रेंगाळत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थानच नसल्याबद्दल खंत व्यक्त करून संसदेचे लक्ष वेधले. संसदेला पुरते जाग यायला पस्तीस वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा कोणालाही लिहून देता येणार नाही, असे ठरले. राज्यसभेत या दुरुस्तीची बाजू कवी जावेद अख्तर यांनी मांडली होती. कलावंतांनाही व्यापारी वापरातून वाटा मिळण्याची तरतूद झाली. कायदा चांगला आहे. परंतु हिशेब मागायला दारात उभे राहणारी संघटना मागे नसेल तर कायदा हा रेशनकार्डासारखा असतो. कार्ड आहे म्हणून दुकानात धान्य असेलच असे नाही.

मुंबईत संघटना नाहीत असे नव्हे. उलट, त्या उदंड आहेत. प्रकाशयोजना करणारे, रंगभूषाकार, ध्वनिमुद्रक, नर्तक, साहसदृश्ये करणारे अशा तीसएक व्यवसायांच्या संघटना 'फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज' या महासंघात एकत्र आहेत. ऑक्टोबर २००८ मध्ये थकलेले वेतन आणि कामाचे बेसुमार तास यांवरून या महासंघाने संप पुकारला आणि तो चार दिवसांच्या आत मिटला. पुढल्याच महिन्यात पुन्हा बिनसले आणि दूरचित्रवाणी मालिकांचे काम सुमारे दहा दिवस थांबले. वाहिन्यांनी काय केले? जुने भाग लावले. घरोघर प्रेक्षक तेच भाग पुन्हा पाहत होते आणि ज्यांनी ते भाग घडवले ते लोक फाटकाबाहेर बसले होते. हॉलिवुडात पुनःप्रक्षेपणाला वाटा द्यावा लागतो, म्हणून संपकाळात जुने लावणेही फुकट पडत नाही. येथे संपकऱ्याचे जुने श्रमच त्याच्याविरुद्ध कामाला लावता आले. नाइट नसण्याचा अर्थ याहून स्पष्ट तो काय असणार?

मागणी का झाली नाही? एक कारण समोरच्या बाजूला आहे. निर्मात्यांच्या संघटना चार-पाच, त्यांची तोंडे चार-पाच दिशांना, आणि कोणत्याही संघटनेत नसलेला, एक चित्रपट काढून नाहीसा होणारा निर्माता तर कोणालाच बांधील नाही. मालिकांच्या व्यवसायात केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याची रूढी पडली आहे. ज्याला तीन महिन्यांमागची मजुरी मिळवायची विवंचना, तो वीस वर्षांनंतरच्या वाट्याची भाषा कशी बोलणार?

दुसरे कारण संघटनांच्या स्वतःच्या वर्तनात आहे, आणि कामगारांविषयी सहानुभूती असणाऱ्यांनी ते अधिक स्पष्टपणे बोलले पाहिजे. आपली बरीचशी शक्ती या संघटनांनी दार राखण्यात घालवली. कार्ड असेल त्यालाच काम, आणि कार्ड कोणाला द्यायचे ते आम्ही ठरवणार. मुंबईच्या रंगभूषाकार संघटनेत स्त्रीला केशभूषा करण्याची मुभा होती, रंगभूषा करण्याची नव्हती. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असल्याची अट. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी घटनाबाह्य ठरवल्या. गोव्यातून मुंबईस गेलेली एखादी मुलगी त्या अटींखाली दोनदा अपात्र ठरली असती, एकदा मुलगी म्हणून आणि एकदा परप्रांतीय म्हणून. २०१७ साली स्पर्धा आयोगानेही या क्षेत्रातील संघटनांचे कार्डसक्तीसारखे करार स्पर्धेला बाधक ठरवले. ज्या चिकाटीने दार राखले त्याच्या निम्म्या चिकाटीने गल्ल्यावर नजर ठेवली असती, तर आज चित्र निराळे दिसते.

हैदराबादेत ऑगस्ट २०२५ मध्ये तेलुगू चित्रपट कामगारांनी अठरा दिवस काम बंद ठेवले. मागणी ३० टक्के वाढीची होती. शासनाच्या मध्यस्थीने, दिवसाला दोन हजारांहून कमी मिळवणाऱ्यांसाठी तीन वर्षांत मिळून साडेबावीस टक्क्यांवर तडजोड झाली. संप शिस्तीने झाला, लेखी करार झाला, हे अभिनंदनीय आहे. तरी तोही रोजंदारीचाच करार. ओटीटीवर चित्रपट विकला गेला तर काय, हा प्रश्न मेजावर आला नाही.

गोव्याला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. एप्रिल २०२१ आठवावा. साथीमुळे महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी येताच मालिकांची पथके सामानसुमानासह गोव्यात उतरली. हॉटेले, बंगले भाड्याने गेले, स्थानिक गाडीवाले, स्वयंपाकी, सामान वाहणारे कामाला लागले. येथेही साथ भडकली, लोकांनी रास्त ओरड केली आणि मेच्या आरंभी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाने परवानग्या रद्द केल्या. पथके परत गेली. रोगाच्या भीतीपुढे तो निर्णय योग्यच होता. मात्र त्या मधल्या दिवसांत आणि अचानक थांबलेल्या कामाबद्दल स्थानिक माणसाला काय मिळावे, हे कोणत्या कागदावर लिहिलेले होते, असा प्रश्न त्या गदारोळात विचारला गेला नाही.

सिने-कामगाराशी लेखी करार केलाच पाहिजे, असे संसदेने १९८१ च्या कायद्यात सांगितले होते. २०२० च्या नव्या श्रमसंहितेत त्याच कामगाराला 'दृक्श्राव्य कामगार' असे व्यापक नाव देऊन ती अट कायम ठेवली आहे. मालिका आणि ओटीटी यांचे कामगारही आता त्यात येतात. गोव्यात चित्रीकरणाची परवानगी देणारे दार एकच आहे, आणि चित्रपटांना अर्थसाहाय्य देण्याची योजनाही राज्याजवळ आहे. परवानगीच्या अर्जासोबत स्थानिक कामगारांशी केलेल्या करारांच्या प्रती मागाव्यात. पैसे पोहोचल्याच्या पावत्या दाखवल्यावाचून अनामत परत करू नये. आणि ज्या चित्रपटाला राज्याचा पैसा मिळतो, त्याच्या करारात पुढल्या विक्रीतील कलावंताच्या वाट्याचे एक कलम असावे. २००४ पासून दरवर्षी पणजीत आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. २०२३ च्या महोत्सवाला मायकेल डग्लस आले ते त्यांच्या संघटनेचा संप मिटून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा. त्या वर्षी महोत्सवात मांडव उभारणाऱ्या, खुर्च्या लावणाऱ्या आणि पडद्यामागे दिवे सांभाळणाऱ्या आपल्या मुलांशी कोणता करार झाला होता, याची चौकशी करण्यापासूनही आरंभ करता येईल.